पाच मैल, एक तास दहा मिनिटं

"वाट द्या हो, सरकारी डाक हाय."

हा आवाज शेवटचा ऐकला त्याला आता वीस वर्षं झाली. तरी पहाटे जाग आली की आधी घुंगरं वाजतात आणि त्यांच्यामागून तो येतो. भाल्याच्या टोकाला घुंगरं, खांद्यावर थैली, पायांत काही नाही. किसनसिंग हरकारा संध्याकाळी रिठदकडे जायचा आणि सकाळी तिकडचं टपाल घेऊन धावत वाशीमला यायचा. थैली नऊच्या गाडीत चढली की त्याचा दिवस सरला. शाळेमागच्या घरात त्याची बायको रुपाबाई दळायला बसलेली असायची. लांबून घुंगरं ऐकू आली की तिचं जातं हळू व्हायचं.

घुंगरू वाजे दूर, जात्यावर माही ओवी,
माह्या धन्याच्या पायानं मुलूख खुशाली कळवी.

ही झाली धावण्याची मागासलेली पद्धत. शास्त्रशुद्ध धावणं वाशिमात सन १९२६ साली सुरू झालं.

त्या साली अकोल्याला एका मोठ्या साहेबाने मेजवानी आटोपल्यावर असे उद्गार काढले की, सुशिक्षित माणसाने धावलं पाहिजे. उकंडराव देशमुख त्या मेजवानीला होते. ते परत आल्यावर आठवड्याच्या आत 'वाशीम धाव मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष उकंडराव, उपाध्यक्ष जगदेवराव वकील, खजिनदार मांगीलाल शेठ. वेळ नोंदवण्याचं काम माझ्याकडे, म्हणजे शाळामास्तरांकडे आलं. उकंडराव शाळा समितीचेही अध्यक्ष होते, ही बाब येथे गैरलागू आहे.

पहिले चार महिने कोणी धावलं नाही, कारण नियम पुरे झाले नव्हते. नियम तिसरा असा होता : धावून पोट भरणाऱ्यास सभासद होता येणार नाही, कारण अशा माणसास धावण्याची आवड आहे किंवा कसे, हे ठरवता येत नाही. किसनसिंगने सभासद होऊ का म्हणून विचारलं नव्हतं. तरी सावधगिरी असावी म्हणून हा नियम एकमताने मंजूर झाला. नियम सातवा शिस्तीचा. धावताना अध्यक्षांच्या पुढे कोणी जाऊ नये, उपाध्यक्षांनी एक हात मागे राहावं, खजिनदारांनी दोन.

"मंग पयली शर्यत जिंकन कोन, हे आजच समजलं की," मांगीलाल शेठ म्हणाले.

"समजलं म्हनूनच पेला कोरायले टाकला," वकील म्हणाले. "साहेब बक्षीस द्याले येतीन त्या दिवशी नाव कोरत बसू काय, शेठजी?"

पौषातल्या एका सकाळी रिठदच्या रस्त्यावर, पाचव्या मैलाच्या दगडापाशी मंडळ उभं राहिलं. उकंडरावांना दम्याचा त्रास होता आणि अंगाने ते भारदस्त होते, त्यामुळे त्यांच्या धावण्यात एक प्रकारची भारदस्त सावकाशी होती. पाहणाऱ्याला ती चाल वाटली असती. त्यांच्यामागे वकील, वकिलांमागे छत्री घेतलेले शेठ, मग बाकीचे सभासद मानाप्रमाणे. शेवटी वाजंत्री, पाण्याची घागर, पानाचा डबा, आणि अध्यक्षांना मध्ये बसावंसं वाटलं तर एक खुर्ची. एवढ्याने सडक काठोकाठ भरली. शेठजींचं चांदीचं घड्याळ माझ्या हातात होतं. मी शिट्टी फुंकली आणि शर्यत सुटली.

पाव मैलही झाला नसेल तोच मागून घुंगरं आली.

"वाट द्या हो, सरकारी डाक हाय."

आजवर या हाकेला बैलगाड्या बाजूला होत, लग्नाची वरात बाजूला होई. पण हे धाव मंडळ होतं. वकिलांनी चालता चालता, म्हणजे धावता धावता, नियम सातवा वाचून दाखवला.

"पन वकीलसायेब, मी मंडळात नाही," किसनसिंग म्हणाला.

"मंडळात नाही तर मंडळाच्या पुढं जाशीनच कसा? जो सभासद त्यालेच जाता येत नाही."

"मालक, गाडी चुकन. आजवर एक डाव चुकली नाही."

उकंडराव मागे न पाहता म्हणाले, "किसन्या, तू राह्यतं कुठं?"

"तुमच्याच जाग्यात, मालक."

"मंग एवढी घाई कायले?"

सडकेच्या दोन्ही बाजूंनी उभी ज्वारी होती, तीही उकंडरावांचीच. उभ्या पिकात पाय घालणं हा वेगळा गुन्हा. किसनसिंग माझ्या बाजूला आला, घड्याळाकडे क्षणभर वाकून पाहिलं आणि पुन्हा मागे झाला. मला वाटलं, चांदीची चमक पाहिली असेल. मग तो माणूस, जो दोन मैल एका दमात तोडायचा, तो पानाच्या डब्यामागे पाऊल पाऊल टाकत आला. घुंगरं वाजू नयेत म्हणून त्याने ती मुठीत धरली होती. वाजंत्र्यांनी तशी विनंती केली होती, ताल चुकत होता.

खुर्ची तीनदा लागली. आम्ही वाशिमात पोहोचलो तेव्हा नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि गाडी गेलेली होती. साहेबही आलेले नव्हते, पण पेल्यावर नाव आधीच असल्याने अडचण आली नाही. पाच मैलांना लागलेला वेळ मंडळाच्या इभ्रतीस शोभेना, म्हणून वकिलांच्या सूचनेवरून मी वहीत दुरुस्ती केली. शर्यत सुटली साडेआठ, संपली नऊ चाळीस. एक तास दहा मिनिटं.

पुढच्या आठवड्यात अकोल्याच्या एका साप्ताहिकात मथळा झळकला : 'वाशीमच्या धावपटूंची सरकारी डाकेवर मात.' टपाल खात्याने तो वाचला. ज्याला साठीच्या देशमुखांनाही मागे टाकता येत नाही, असा हरकारा खात्यात कसा, हे तपासण्यासाठी इन्स्पेक्टर आले.

चौकशी शाळेतच झाली. किसनसिंग दाराशी उभा होता.

"वाटेत कुणी अडवलं होतं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

किसनसिंगने उकंडरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

वकील उठले. "शर्यत साडेआठले पाचव्या मैलावरून सुटली. हा गडी तवा त्याच्याही मांगं होता. म्हनजे आमची गाठ पडायच्या आधीच हा उशिरात होता, साहेब. उलट मंडळाच्या मांगं मांगं आला म्हनून एवढा तरी लौकर पोचला."

"वेळ कुणी नोंदवली?"

"मी," मी म्हणालो.

"साडेआठ?"

"वहीत तसंच आहे, साहेब."

हे उत्तर अक्षरशः खरं होतं. खात्यातून किसनसिंगचं नाव कमी झालं. भाला, थैली आणि घुंगरं सरकारी होती, ती जमा झाली. शाळेमागचं जातं त्यानंतरही फिरे. नुसतं फिरे.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे. खुर्चीपाशी सगळे हसतात आणि मग विचारतात, मास्तर, मंडळाचं पुढं काय झालं? मंडळ उत्तम चाललं. मीही हेडमास्तर झालो. त्या हरकाऱ्याचं काय झालं, हे मात्र वीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. एका परीने ते बरंच झालं. विचारलं असतं, तर चौकशीच्या दिवशी सगळे गेल्यावर तो दाराशी परत आला होता, हे सांगावं लागलं असतं.

मी वही कपाटात ठेवत होतो. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

"मास्तर, सडकेवर तुमचं घड्याय पाह्यलं होतं मी," तो म्हणाला. "साडेसहा वाजून धा मिन्टं झाले होते. घड्याय पाहाले तुमीच शिकोलं मले, याच शायेत. सायबानं इचारलं तवा सांगनारच होतो. मंग म्हनलं, मास्तर बसले हायत, ते सांगतीन."