समुद्र चार तासांवर आहे

आमच्या बिल्डिंगमध्ये पाहुणा कोणाकडेही येऊ दे, तो आधी निमकर काकूंचा असतो. आपला नंतर. म्हणजे पाहुण्याने बॅग टेकवली, पाणी प्यायला, आपण "प्रवास कसा झाला?" विचारणार, तेवढ्यात बेल. दारात काकू. हातात थर्मास, काखेत गुंडाळलेली सतरंजी. "चला," म्हणतात. नाव वाटेत विचारतात.

मी मूळची नागपूरची. ऑफिस खराडीत, घर सहकारनगरमध्ये, त्यामुळे खरं तर मी मधल्या ट्रॅफिकमध्येच राहते. काकू माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये, एकट्या. लग्न केलं नाही त्यांनी. पहिल्याच दिवशी मी "काकू" म्हटलं तर म्हणाल्या, "काका नसताना काकू! फुकटची बढती आहे, असू दे." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. रिटायर झाल्यावर पाहुणे बागांना जोडून द्यायला लागल्या.

कारण त्यांच्या मते पुण्यात बघण्यासारखं काही नाही, बसण्यासारखं भरपूर आहे. "बाग बघायची नसते, बागेत बसायचं असतं." हे मी इतक्यांदा ऐकलंय की परवा ऑफिसच्या कॉलवर माझ्या तोंडून निघणार होतं. सारसबाग, एम्प्रेस गार्डन, शिवाय मॅपलासुद्धा न सापडणारी गल्लीबोळातली उद्यानं, सगळी त्यांच्या खिशात. आणि पाहुण्याला दारातच नीट न्याहाळून त्या बाक ठरवतात. बाग नाही हां, बाक! "ह्यांना सावलीतला लागेल." "हे फार बोलतात, ह्यांना कारंज्याजवळचा. म्हणजे आपल्याला ऐकू येणार नाही."

माझा एक बंगळुरूचा कलीग आला होता. तो बिचारा सहज म्हणाला, "आंटी, हमारे यहाँ भी बहुत गार्डन हैं." काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "होंगे. बैठे थे कभी?" त्याने फोन काढला. "फोटो बाद में. पहले बैठने का!" बसला की तो! अजून मेसेजमध्ये आधी "आंटी कैसी हैं?" विचारतो, मग माझं.

दुसऱ्या मजल्यावरच्या दाते काकांचा जावई तर अमेरिकेहून आलेला. त्याला सिंहगडावर न्यायचं, पिठलं-भाकरी खायला घालायची, सगळं ठरलेलं. काकू म्हणाल्या, आधी जरा एम्प्रेस गार्डनला टेकू. तिथल्या एका जुन्या झाडाखाली सतरंजी घातली, चहा दिला. जावई आडवा झाला तो थेट उन्हं उतरल्यावर उठला. गड राहिला. दाते काका आठवडाभर काकूंशी बोलले नाहीत. जावई म्हणाला, लग्नानंतर एवढी झोप पहिल्यांदा लागली.

आता प्रॉब्लेम काय आहे, की लोक पुण्याला येतात ते काही नुसतं बसायला नाही ना! इथून सगळं जवळ. जरा बाहेर पडलं की डोंगर, घाट उतरला की कोकण. पण काकूंपुढे नाव काढायची सोय नाही. "डोंगर काय पळून जातोय? आणि समुद्र चार तासांवर आहे. आहे तिथेच आहे." मग आमच्या बिल्डिंगमधले लोक काय करतात, तर पाहुण्यांना पहाटे चपला हातात घेऊन जिन्याने उतरवतात. गाडी गेटच्या बाहेर उभी. काकूंना कळतंच. त्या गॅलरीत येऊन कुंड्यांना पाणी घालायला लागतात आणि गाडी वळून दिसेनाशी झाली तरी घालतच राहतात. खालच्या दाते काकांचं वाळत घातलेलं धोतर भिजतं. त्यावरून वेगळं भांडण.

तर ह्या वेळी माझे आई-बाबा आले. आईने आयुष्यात समुद्र बघितला नव्हता. बस, तेवढं एकच मागणं होतं तिचं. "पाय भिजवले की झालं माझं." शनिवारी दुपारी निघायचं, दिवेआगरला राहायचं, रविवारी परत, आणि सोमवारी नागपूरची गाडी. मोठी टॅक्सी सांगून ठेवली, कारण बाबांचा गुडघा दुमडत नाही. मी अगदी टाइट प्लॅन केला होता. शनिवारी सकाळी बेल वाजली.

आई दारात म्हणाली, "जयभीम ताई."

"जयभीम. चपला घाला, निघायचंय."

मी म्हटलं, "काकू, बारापर्यंत परत हां. गाडी येणारे."

"बाग म्हणजे काय तुझं ऑफिस आहे का, पंच करायला?"

आणि घेऊन गेल्या सारसबागेला! बाबा गुडघ्याचं निमित्त करून सोफ्यावर सुटले. बारा वाजले. साडेबारा. आई फोन उचलेना. टॅक्सीवाला खाली येऊन हॉर्न मारायला लागला, "मॅडम, घाटात अंधार नको." मी बाबांना गाडीत बसवलं आणि तशीच सारसबागेपाशी आणली. धावत आत गेले तर दोघी बाकावर, चपला काढून, पाय हिरवळीवर, मध्ये आईने आणलेल्या सांबारवड्यांचा (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) डबा. आणि आई इतकी हसत होती!

"आई! समुद्र!"

"आहे तिथेच आहे," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

आईने डब्याचं झाकण लावलं. "ताई, तुम्ही तं लय वेळा पाह्यला असन नं?"

काकू म्हणाल्या, "फोनवर ऐकलाय."

"फोनवर?"

"हर्णैच्या एक्स्चेंजला एक होती ऑपरेटर. लाइन रिकामी असली की रिसीव्हर खिडकीबाहेर धरायची. म्हणायची, ऐक, भरती आहे. चांगला यायचा आवाज."

इतकी वर्षं लोकांना समुद्राचं अंतर सांगणाऱ्या काकूंनी समुद्र बघितलाच नव्हता.

आई म्हणाली, "मंग चाला नं आमच्यासंगं."

"छे! मी काय करू तिथे? जा तुम्ही."

मी लगेच "बरं" म्हटलं आणि थर्मास उचलला. कारण मी आता पुण्यात मुरलेय, मला पद्धत माहितीये. इथे एकदा विचारतात. समोरचा नको म्हणाला की त्याला नको असतं, विषय संपला. काकूंना बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेलं होतं. दाते काकांनी सिंहगडाला, पहिल्या मजल्यावरच्यांनी महाबळेश्वरला. काकू "छे" म्हणाल्या, ते "बरं" म्हणाले, गाड्या गेल्या.

पण माझी आई नागपूरची ना! तिकडे पहिलं नको हे नुसतं खाकरणं असतं. त्यानंतर बोलणं सुरू होतं.

"असं कसं? चाला नं."

काकू गोंधळल्या. "अहो, नको म्हटलं ना एकदा."

"एकदाच तं म्हटलं!"

काकूंनी अंगावरच्या साडीकडे बघितलं.

"कपडे नाहीत माझे," शेवटी म्हणाल्या. आवाज एकदम लहान.

"माझी साडी घालजा. काहून लाजता? उठा बरं!" आईने सतरंजी काखेत मारली आणि गेटकडे चालायला लागली. आता स्वतःची सतरंजी कोणी घेऊन निघालं तर माणूस काय करणार! काकूंनी चपला घातल्या आणि मागोमाग निघाल्या. मला म्हणाल्या, "तुझी आई बसणाऱ्यातली नाही, उठवणाऱ्यातली आहे." पण चिडलेल्या नव्हत्या अजिबात.

ताम्हिणीत काकू खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. बाबांनी डोंगर दाखवला तर म्हणाल्या, "बराय." त्यांच्याकडून हे म्हणजे गोल्ड मेडल!

पोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. आई साडी उचलून धावली, खरंच धावली, आणि पहिल्या लाटेला अशी किंचाळली की बाबा गुडघा विसरून उठले. मी वाळूवर सतरंजी घातली. "काकू, बसा ना."

नाही बसल्या. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग हात पुढे करून म्हणाल्या, "तुझा फोन दे. दात्यांना लाव."

लावला. काकू "हॅलो" म्हणाल्या. स्पीकरवर दाते काका, "कोण? काकू? अहो, तुमच्या कुंड्या सुकल्यात, आहात कुठे?"

"ट्रंक कॉल आहे, ऐका," म्हणाल्या, आणि फोन हात लांब करून लाटांवर धरला. मी मागून त्यांचा पदर पकडून ठेवलेला, कारण फोन माझा होता.

"नीट काही ऐकू येत नाहीये हो!" दाते काका ओरडले.

"मग पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर या."

"छे छे, आता कुठे ह्या वयात..."

काकूंनी फोन कानाला लावला. आईकडे बघितलं. आई कमरेएवढी भिजून हसत होती.

"अहो, असं कसं," काकू म्हणाल्या. "या ना."