नॉरबेकच्या उबेचा वाली

फुकट मिळालेल्या वस्तूवर विश्वास ठेवू नये आणि विकत घेतलेल्या वस्तूवर संशय घेऊ नये, या दोन खांबांवर आधुनिक प्रशासन उभे आहे. पहिल्या तत्त्वाने नागरिकांचे रक्षण होते, दुसऱ्याने अधिकाऱ्यांचे.

पुढील मजकूर मोफत असून तो कोणालाही वाचता, उतरवून घेता व इतरांस देता येईल. त्यातील चुकांबद्दल किंवा वाचनामुळे होणाऱ्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हानीबद्दल लेखक जबाबदार राहणार नाही. शेवटपर्यंत वाचणाऱ्याने चार ऑक्टोबर रोजी दुपारी, जमल्यास, लेखकाच्या घरी हजर राहावे. विरामचिन्हांचे व कंसांचे हक्क ज्याचे त्याच्याकडे अबाधित राहतील. (असा परिच्छेद हल्ली घालावाच लागतो. घातला की झाले. तो कोणी वाचावा अशी अपेक्षा नसते.)

नॉरबेक हे फ्यून बेटावरचे आमचे गाव. गावाच्या टोकाला उष्णताघर आहे. तिथे पाणी तापते, नळांतून घरोघर फिरते आणि निवून परत येते. पाणी किती तापवायचे हे बाहेरची थंडी आणि वारा पाहून एक छोटासा प्रोग्राम ठरवतो. त्याचे नाव 'लून', म्हणजे उबदार. तो लिहिला बोदिल क्रॉग्सगोर हिने. ती याच उष्णताघरात अभियंता होती. निवृत्त झाल्यावर तिने घरी बसून लून लिहिला आणि साऱ्या जगाला देऊन टाकला: घ्या, वापरा, उघडून बघा, हवा तसा बदला. आमच्यासकट देशातल्या कितीतरी गावांनी तो घेतला. फुकट ते पौष्टिक, हे तत्त्व उत्तरेच्या थंडीतही टिकते.

बारा हिवाळे लून बिनतक्रार चालला, आणि नेमका इथेच आमच्या विश्वास व सुरक्षा समितीला पहिला संशय आला. समितीत आम्ही तिघे होतो. आस्गर अध्यक्ष, कारण सुरक्षा हा त्याचा विषय. मेरेते कायद्याची. मी, प्रेबेन, सचिव. इतिवृत्त आणि कॉफी ही माझी खाती. आस्गरचे म्हणणे बिनतोड होते. विकतचा प्रोग्राम वर्षातून दोनदा बंद पडतो. मग कंपनीचा माणूस येतो, दिलगिरी व्यक्त करतो, आपण रागावतो, तो पुन्हा दिलगिरी व्यक्त करतो. यातून नाते तयार होते. लूनने असे नाते जोडायची एकही संधी आम्हाला दिली नव्हती.

"पण तू तो वाचलायस का?" मेरेतेने आस्गरला विचारले.

"मी कशाला वाचू? उघडा आहे ना तो. सगळ्यांना वाचता येतो. म्हणजे कुणी ना कुणी वाचलाच असणार."

"पण कुणी?"

"अगं, सगळ्यांनी!"

सगळ्यांपैकी कोणी वाचला याची आम्ही रीतसर चौकशी केली. शेजारच्या गावाने कळवले की नॉरबेकसारखे जबाबदार गाव वापरते म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतला. आम्ही आमची जुनी फाइल काढली. तिच्यात लिहिले होते की इतकी गावे वापरतात त्या अर्थी प्रोग्राम विश्वासार्ह असावा. एकमेकांवर इतका गाढ विश्वास टाकणारी माणसे दुसऱ्या कुठल्या देशात असतील असे वाटत नाही.

मग आम्ही बोदिलला सुरक्षा प्रश्नावली पाठवली. ती मीच तयार केली होती, म्हणून तिची स्तुती करत नाही. बोदिलची उत्तरे अशी आली:

आपल्या संस्थेत किती कर्मचारी आहेत? — मी.

इमारतीतील प्रवेश कसा नियंत्रित केला जातो? — दार आहे. मांजर खिडकीतून येते.

प्रमुख व्यक्तीचे निधन झाल्यास कोणती तजवीज आहे? — मला पुरतील.

शंभरपैकी अकरा गुण पडले. (दार असल्याचे पाच, प्रामाणिकपणाचे सहा. मांजराचे वजा करावेत असे आस्गरचे मत होते, पण ते मी इतिवृत्तात घेतले नाही.)

अशा वेळी देवाने पाठवावा तसा रोल्फ ४४ आला. हे त्याचे इंटरनेटवरचे नाव. दुसरे आम्हाला कळले नाही. गेले वर्षभर तो बोदिलला निरपेक्ष मदत करत होता. बारीकसारीक दुरुस्त्या पाठवायचा, तिच्या डोळ्यांची विचारपूस करायचा, आणि लूनचा भार आता तिने त्याच्या खांद्यावर टाकावा असे अधूनमधून सुचवायचा. आम्ही त्याला प्रश्नावली पाठवली. ती त्याच दिवशी भरून आली. सोबत सतरा प्रमाणपत्रे. प्रवेशनियंत्रण तिहेरी, निधनाची तजवीज दुहेरी. शंभरपैकी शंभर गुण. आस्गरचे डोळे पाणावले.

"याला म्हणतात माणूस," तो म्हणाला.

"भेटलायस?" मेरेतेने विचारले.

"भेटायचं काय त्यात? कागद बघ की त्याचे!"

इथे किल्लीबद्दल सांगायला हवे. लूनमध्ये बदल करायचा तर एक गुप्त किल्ली लागते, आणि ती फक्त बोदिलकडे होती. किल्लीवाल्याने बदल केला की देशभरची उष्णताघरे तो त्याच रात्री, काहीही न विचारता, आपापल्याकडे उतरवून घेतात. (हिला आम्ही सुरक्षा म्हणतो.) म्हणजे ती किल्ली ज्याच्या हातात, त्याच्या हातात भर फेब्रुवारीत गावोगावच्या म्हाताऱ्यांची आणि तान्ह्या पोरांची ऊब. समितीने बोदिलला लेखी शिफारस केली की किल्ली रोल्फ ४४ यांना द्यावी.

तिचे दोन ओळींचे उत्तर आले. डोळे खरेच अधू झालेत, यंदा किल्ली द्यायचीच आहे. नऊ फेब्रुवारीला कलम तीनप्रमाणे जो येईल त्याला देईन.

कलम तीन? आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. लूनसोबत एक परवाना येतो हे सगळ्यांना माहीत होते. बारा वर्षांत तो उघडून वाचणारी मेरेते ही पहिली व्यक्ती. कलम एक: वापरा, बदला, वाटा. कलम दोन: नळ फुटला तर मला फोन करू नका. कलम तीन: हा प्रोग्राम ज्याच्या कामात आहे त्याने माझ्या वाढदिवशी, नऊ फेब्रुवारीला, जमल्यास, येऊन माझ्यासोबत केकचा एक तुकडा खावा.

म्हणजे नगरपालिका बारा वर्षे परवान्याचा भंग करत होती. बारा तुकडे थकीत होते, आणि विलंबाबद्दल व्याज म्हणून वर साय धरायची की नाही हा प्रश्न वेगळाच.

विषय गंभीर असल्याने पुढच्या बैठका लांबत गेल्या. केक द्यायचा तर तीन बेकऱ्यांकडून दरपत्रके मागवावी लागणार. बोदिल पुरवठादार धरली तर केक ही लाच होते. पुरवठादार नाही असे धरले तर ती साधी नागरिक, आणि एका नागरिकाला वाढदिवसाचा केक दिला की समान वागणुकीच्या नियमाने गावातल्या प्रत्येकाला द्यावा लागतो. 'जमल्यास' या एका शब्दावर बाहेरच्या वकिलांकडून चाळीस पानी मत मागवले. त्याचा सारांश असा की दरवर्षी 'जमले नाही' असा ठराव अगोदरच करून ठेवावा. याच काळात मेरेतेचा वाढदिवस आला. तिने आमच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांसाठी घरून थरांचा केक करून आणला, आणि तो खात खात आम्ही केक कोणी द्यायचा यावर आणखी दोन तास घालवले. केक उत्तम होता, अशी नोंद आहे.

अखेर ठरले की नऊ तारखेला समितीने जाणे म्हणजे आधीचे बारा भंग कबूल करणे. म्हणून समितीने जाऊ नये. रोल्फ ४४ यांनी जावे. त्यांना तसे कळवले. सर्दीमुळे येता येत नाही, पण किल्ली ईमेलने पाठवली तरी चालेल, असे त्यांनी नम्रपणे कळवले. आस्गर म्हणाला, बघा, किती लवचिक माणूस आहे.

मला मात्र वाईट वाटले. का ते सांगता येणार नाही, समितीच्या कामात या गोष्टीसाठी रकाना नाही. पंचाहत्तर वर्षांची बाई दर फेब्रुवारीला टेबल मांडून बसत असेल, आणि तिच्या उबेत बसलेले अख्खे गाव 'जमले नाही' असे लिहीत असेल, हे मनातून जाईना. आठ तारखेला मी दुसऱ्या दिवसासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

"प्रेबेन, जातोस तर जा बाबा," आस्गर म्हणाला. "पण नगरपालिकेचा म्हणून नाही हं. पोट तुझं, जबाबदारी तुझी."

बोदिलचे घर उष्णताघरापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे. बारा वर्षांत ही दहा मिनिटे कोणाला मिळाली नव्हती. अंगणात काठीवर झेंडा चढवलेला होता, म्हणजे वाढदिवस होता हे नक्की. दार तिनेच उघडले.

"ये, ये, बूट काढ. कुठून आलास?"

"नगरपालिकेतून. म्हणजे, नगरपालिकेतून नाही."

"म्हणजे घरून आलास. बस."

टेबलावर बारा कप मांडले होते. मध्ये ब्रुन्सविगरचे, म्हणजे आमच्या बेटावरच्या केकचे, मोठे ताट, वर लोणी आणि तपकिरी साखर अजून चकाकत होती. मी सगळ्या खुर्च्यांकडे पाहिले आणि मला शरमल्यासारखे झाले.

"मी केक आणला नाही," मी म्हणालो. "नियमात बसत नव्हतं."

"तू कशाला आणशील? वाढदिवस तुझा आहे की माझा?"

आमच्या देशात वाढदिवस ज्याचा, केक त्याचा. पहिलीतले पोरही हे जाणते. वकिलांच्या चाळीस पानांत ही गोष्ट नव्हती, कारण परवान्यात लिहिलेली गोष्ट घरातल्या गोष्टीसारखी वाचायची नसते असे आम्हाला शिकवलेले आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने काहीच मागितले नव्हते. नुसते या आणि खा म्हटले होते, आणि आम्ही इतक्या बैठका देण्याघेण्याचा हिशेब घालत बसलो होतो.

"रोल्फनं कळवलंय, सर्दी झालीय," तिने माझ्या ताटात दुसरा तुकडा टाकत म्हटले. "मागं पाय मुरगळला होता, त्याच्याआधी मावशी गेली. फार गोड लिहितो पण. परवा त्यानं एक दुरुस्ती पाठवली, तिच्यात एक ओळ मला काही कळेना. विचारलं, तर म्हणे काळजी करू नकोस, उगीच नीटनेटकेपणासाठी टाकलीय. मला न कळणारी ओळ मी घरात घेत नाही बाबा."

"त्याला शंभर गुण आहेत," मी समितीच्या बाजूने म्हणालो.

"असतील. टाइप कुणालाही करता येतं. यायला मात्र यावं लागतं. तुला प्रोग्राम वाचता येतो?"

"नाही."

"शिकशील?"

"अठ्ठावन्न वर्षांचा आहे मी."

"लून लिहिला तेव्हा मी त्रेसष्टची होते. घे, अजून घे."

अशा रीतीने, दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या दरम्यान, देशभरच्या उबेची किल्ली इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाकडे आली. दर गुरुवारी मी तिच्याकडे जातो. तिला आता नीट दिसत नाही म्हणून मी लून मोठ्याने वाचतो, आणि मला समजत नाही म्हणून ती समजावते. निम्मा झाला आहे. इतका लून या देशात फक्त दोन माणसांनी वाचला आहे, आणि दोघांनाही ब्रुन्सविगर आवडते.

रोल्फ ४४ दुसऱ्याच दिवशी इंटरनेटवरून नाहीसा झाला. नाव, पत्ता, सतरा प्रमाणपत्रे, काही म्हणजे काही उरले नाही. 'एक अत्यंत समाधानकारक सहकारी आपण गमावला' असा ठराव आस्गरने मांडला. तो एकमताने मंजूर झाला, कारण मी इतिवृत्त लिहीत होतो. मग समितीने नव्या किल्लीधारकाला, म्हणजे मला, माझीच प्रश्नावली पाठवली. मी खरी उत्तरे दिली. नऊ गुण पडले. बोदिलपेक्षा दोन कमी, कारण माझ्याकडे मांजर नाही, आणि मांजराने उंदरांपासून तारांचे संरक्षण होते हे समितीला मधल्या काळात पटले होते. त्या हिवाळ्यात गावात कोणी गारठले नाही आणि कोणाला काही कळले नाही. चांगल्या प्रोग्रामचे यापेक्षा मोठे कौतुक कोणी करत नसते.

परवान्यात मी काही बदलले नाही. कलम तीनमधली तारीख तेवढी माझ्या वाढदिवसाची घातली. गेल्या वर्षी झेंडा चढवला, बारा कप मांडले. बोदिल आली. उरलेला केक आम्ही फ्रीजरमध्ये ठेवला.

आता वाचकहो, आपले काम. आपण या मजकुराच्या शेवटाशी आला आहात. वरून दुसऱ्या परिच्छेदात, कंसांच्या हक्कांच्या अलीकडे, एक तारीख होती. ती आपण ओलांडून पुढे आलात, आणि पुढे येणे म्हणजे मान्यता, असे मेरेतेचे लेखी मत आहे. केक आणू नये, केक माझ्याकडे आहे. 'जमल्यास' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. जमत नसेल तर तसे दोन ओळींत कळवावे. कारणांची अडचण पडू नये म्हणून रोल्फ ४४ यांची तिन्ही कारणे नमुन्यादाखल वर दिलेलीच आहेत.