कुसुमअक्कांची प्लॅटिनमची सळई

कुसुमअक्कांकडे चहा मिळतो, पण लगेच पिता येत नाही. आधी त्या कपात एक बारीक स्टीलची सळई बुडवतात, वायरीला जोडलेल्या डबीवरचा आकडा वाचतात आणि म्हणतात, "एकसष्ट पॉइंट चार दोन. थांबा भाऊ, जीभ पोळेल." अठ्ठावन्नला परवानगी मिळते.

आम्ही धुळ्यात देवपूरला शेजारी राहतो. अक्का कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. निवृत्तीनंतर त्यांच्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, अक्का सोल्डरिंग करत बसल्या. सळईच्या टोकात प्लॅटिनमची केसाएवढी तार आहे. ती तापली की तिचा रोध वाढतो, आणि डबीतला मायक्रोकंट्रोलर त्यावरून तापमान काढतो.

"दोन वायरींत भागलं असतं ना? चार कशाला?" मी एकदा विचारलं.

"दोन करंट नेतात, दोन नुसत्या मोजतात. नाहीतर वायरीचा रोधही आकड्यात घुसतो. मग तुम्ही पाणी मोजलं की वायर?"

शून्य अंश तपासायला त्यांना बर्फ लागतो. तो आमच्या फ्रीजमध्ये, शुद्ध पाण्याचा, वेगळ्या ट्रेमध्ये. माझ्या बायकोने तो पाहुण्यांच्या सरबतात घातला, तेव्हा अक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पेपरात लिहिलं, 'धुळ्यात पाणी नव्व्याण्णवच्या जरा वर उकळते.' कुणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती. धुळं समुद्रसपाटीहून उंचावर, त्यामुळे गुण मात्र पूर्ण द्यावे लागले.

अक्कांचे यजमान, आबा, घरातच असतात. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायांची जाणीव गेली आहे. काही वर्षांपूर्वी अक्कांनी त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, हाताने बघूनच. पण तो हात तव्यावरच्या भाकरी उलटून निबर झालेला. त्याला पाणी कोमट लागलं. आबांना तर काहीच लागलं नाही, ते निवांत बसून राहिले. फोड आले, जखम चिघळली, डॉक्टर पाय काढायची भाषा करू लागले. कसाबसा पाय वाचला. हे मला आबांनी सांगितलं. अक्का त्या विषयावर बोलत नाहीत. डबी त्यानंतर आली.

आता रोज सकाळी पाणी बरोबर पस्तीसचं करतात. आबांनी पाय घातले की अक्का त्यांच्या चेहऱ्याकडे बघत विचारतात, "काही कळतंय का?"

परवा थंडी कडक होती. मी वर्तमानपत्र द्यायला गेलो, तर अक्कांनी टबात नळाचं पाणी घेऊन त्यात सळई सोडली होती. गरम पाणी घालायचं बाकी होतं. इतक्यात गॅस संपला. अक्का मोकळं पातेलं घेऊन बाहेर आल्या, तोवर आबांनी पाय बुडवलेसुद्धा होते.

"वा! आज कळतंय बरं," आबा खुशीत म्हणाले. "मस्त गरम शे. कितलं शे?"

डबीवर अठरा पॉइंट सहा एक होते. मलाही दिसत होते.

अक्कांनी डबी पालथी घातली.

"पस्तीस," त्या म्हणाल्या.

मग त्या फरशीवर बसल्या, आबांचे पाय पाण्यातून काढून मांडीवर घेतले आणि पदराने पुसत राहिल्या.