समुद्राची वेळ साडेपाचची

एका जंगलात दुपारी एक ते पाच काहीच घडत नसे. का विचारता? कारण त्या वेळी महाराज झोपलेले असत. महाराज म्हणजे सिंह. सिंह झोपला की जंगल झोपतं, आणि ज्याला झोप येत नाही तो डोळे मिटून पडतो. बंड्या, तू डोळे मिटू नकोस, गोष्ट आत्ता सुरू होतेय.

तर त्या जंगलात सगुणाबाई नावाची एक पाणमांजर राहायची. तिची एकुलती एक लेक मंजुळा लांब बंदराच्या शहरात दिलेली होती. शहर केवढं मोठं! जहाजं, गोदी, दीपस्तंभ, आणि सगळ्याला टेकून समुद्र. मंजुळाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माहेरची नदी चैत्रातच आटली. लेक पोहत येणार कशी? मग आईनेच जायचं ठरलं.

मंजुळाने बगळ्याबरोबर निरोप पाठवला होता.

"आई, वैशाखी पुनवेला ये, पण दुपारी ये. दुपारी पाणी धक्क्याच्या पायरीला लागतं, मी पायरीवर येऊन बसते. संध्याकाळी नको. संध्याकाळी पाणी पार लांब जातं. मग माझ्या घरापासून पायरीपर्यंत नुसता चिखल, आणि एवढं पोट घेऊन मला तो तुडवता येत नाही."

निरोप सरळ होता. पण जंगलाबाहेर पडायला परवाना लागायचा. सगुणाबाई दरबारात गेली.

"म्हाराज, पोरगी अवघडलीय माझी. चार दिस जाऊन येते."

महाराजांनी जांभई दिली. "समुद्र आम्हीही पाहिलेला नाही. आम्हीही येऊ."

राजा 'येतो' म्हणाला की त्याला 'नको' म्हणायचं नसतं, हे पाठ करून ठेवा. महाराज निघाले म्हणजे दरबार निघाला. दरबार निघाला म्हणजे सहल झाली. आणि सहल झाली म्हणजे तिला एक नियोजनप्रमुख लागतो. तो झाला हरिभाऊ कोल्हा. हरिभाऊ कधी जंगलाच्या वेशीपलीकडे गेला नव्हता, त्यामुळे त्याच्या डोक्यात कसलाही गोंधळ नव्हता.

पहिल्या बैठकीत टोपीचा रंग ठरला. सगळ्यांनी भगवी, पिवळी, हिरवी असं करत शेवटी तपकिरी घेतली, म्हणजे मळली तरी कळत नाही. दुसऱ्या बैठकीत जेवण. त्यावर अस्वल आक्का तीन तास बोलल्या.

"मला मेलं बाहेरचं काही सोसत नाही. समुद्र बघायचा म्हणून काय तिथलं खायचं? मी आपली मोहाची चटणी, भाजलेले कंद आणि लोणच्याच्या सहा बरण्या घेणार."

बगळा वर्षातून चार वेळा बंदरावर जाऊन यायचा. तो म्हणाला, "तिथलं मी काही सांगू का?"

"आपण समितीवर आहात का?" हरिभाऊने विचारलं.

बगळा समितीवर नव्हता. तो उडून गेला.

तिसऱ्या बैठकीत वेळापत्रक आलं. दोन दिवसांत सतरा ठिकाणं. दीपस्तंभ, बारा मिनिटं. मासळीबाजार, नाक धरून आठ मिनिटं. मोठं जहाज, बाहेरून. सगुणाबाई हात जोडून उभी राहिली.

"हरिभाऊ, तेवढा समुद्र पुनवेच्या दुपारी ठेवा. पोरीनं तसं कळवलंय."

कुणीतरी हळूच महाराजांकडे पाहिलं.

"बाई," हरिभाऊ म्हणाला, "दुपारी महाराजांची वामकुक्षी असते."

"पन संध्याकाळी पानी नसतंय तिथं!"

"नसतंय म्हणजे? आपण समुद्राला तसं पत्र देऊ."

आणि दिलं, बरं का! 'महाराज पौर्णिमेस सायंकाळी साडेपाच वाजता आपणांस भेट देतील, तरी आपण जागेवर उपस्थित राहावे.' पत्र नदीच्या कोरड्या पात्रात ठेवलं. आठ दिवस उत्तर आलं नाही. मौन म्हणजे संमती, असं हरिभाऊने टिपून घेतलं.

परवाना सहलीचा होता, सगुणाबाईचा नव्हता. तिने घरी जाऊन बाळंतविडा बांधला. सुक्या झिंग्यांचे लाडू, लव्हाळ्याची मऊ गादी आणि तीन टोपडी. तीनच का, ते विचारू नका. आयांना कळतं.

ठरल्या दिवशी गव्यांच्या दोन गाड्या निघाल्या. एकवीस प्रवासी, एकवीस तपकिरी टोप्या. सगुणाबाईचं बोचकं सगळ्यात खाली गेलं आणि त्यावर लोणच्याच्या सहा बरण्या बसल्या. दर वळणावर हरिभाऊ मोजणी करायचा. एकवीस भरले की शिटी वाजायची.

पौर्णिमेच्या सकाळी शहर आलं. तिथं कुणी त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बंदराच्या शहरात रोज इतकी चमत्कारिक मंडळी उतरते की एका सिंहाने काय होतंय? महाराजांना ते लागलं. ते दीपस्तंभाशी बारा मिनिटं आणि जहाजाशी नऊ मिनिटं रुसून उभे राहिले. मग जेवण झालं आणि धर्मशाळेच्या ओसरीवर सगळे आडवे झाले.

तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. मागच्या गल्लीतून पाण्याचा आवाज येत होता. धप्प, धप्प, पायरीवर. सगुणाबाईने तो ऐकला. ती उठली, दाराशी गेली. दारात हरिभाऊ आडवा पडला होता.

"कुठे निघालात?"

"हितंच. पानी आलंय. पोर वाट बघत आसंल."

"आत्ता कार्यक्रमात विश्रांती आहे. एक गेलं की दुसरं जातं, मग सहलीला अर्थ काय राहतो? आणि बोचकं बरण्यांखाली आहे. बरण्या हलवल्या तर आक्का उठतील, आणि आक्का उठल्या तर महाराज उठतील."

सगुणाबाई परत येऊन बसली. मला विचाराल तर तिथंच त्या कोल्ह्याला चावायला हवं होतं. पण भली माणसं रांगेत बसतात, तशी ती बसली. आवाज हळूहळू लांब जाताना तिने सगळा ऐकला. इतकं वाईट दुसरं काही नसेल.

बरोब्बर साडेपाचला सहल धक्क्यावर उभी राहिली. समोर चिखल होता. लांबपर्यंत चिखल. त्यात होड्या कलंडून पडल्या होत्या आणि एक कुत्रा पाय रुतवून उभा होता.

"समुद्र कुठे आहे?" महाराज म्हणाले.

हरिभाऊने वेळापत्रक पाहिलं. मग चिखल पाहिला. पुन्हा वेळापत्रक पाहिलं, कारण चूक चिखलाचीच असणार. "इथेच आहे, महाराज. साडेपाच ते पाच पंचावन्न."

"यापेक्षा आमच्या ओढ्याला जास्त पाणी असतं हो," आक्का म्हणाल्या.

"म्हाराज," सगुणाबाई पुढे आली, "त्यो लांब चकाकतोय ना, त्यो समुद्र. रातच्याला परत येतोय. थोडं थांबा."

"लांबचं कार्यक्रमात नाही," हरिभाऊ म्हणाला.

महाराजांची आयाळ फुगली. दीपस्तंभाने ओळख दिली नाही, जहाजाने दिली नाही, आणि आता हा. "आम्ही आलो आणि हा गैरहजर? लिहून घ्या. समुद्र आढळला नाही."

हरिभाऊने लिहून घेतलं. सगळ्यांना बरं वाटलं. एवढं लांब येऊन काही बघायला मिळालं नाही, तर ते मुळात नव्हतंच हे ऐकायला फार गोड लागतं.

"चला, गाडी सुटतेय! आलात तर आलात!"

"मग जावा," सगुणाबाई म्हणाली.

"अहो, रात्रीची पानं मोजून घेतलीयत!"

"माझं पान आक्कास्नी वाढा."

तिने गाडीतल्या बरण्या एकेक करून खाली ठेवल्या. सहाही. आक्का ओरडत होत्या, तिने ऐकलं नाही. बोचकं डोक्यावर घेतलं, तपकिरी टोपी काढून पायरीवर ठेवली आणि ती चिखलात उतरली. पोटापर्यंत चिखल. चार पावलं जायची आणि थांबायची. मुलांनो, ही म्हातारी मला फार आवडते, म्हणून सांगून टाकतो. ती पोहोचली. उशिरा पोहोचली, पण मंजुळाला कळा सुरू झाल्या तेव्हा तिचा हात आईच्या हातात होता. पिल्लं तीन झाली. टोपडी बरोब्बर बसली.

इकडे हरिभाऊने मोजणी केली. वीस. पुन्हा केली. वीस. मग त्याने महाराजांपासून सुरुवात केली आणि महाराजांपाशी संपवली. एकवीस! दोनदा मोजलं गेलं म्हणून महाराजही खूश झाले. शिटी वाजली.

जंगलात सहलीचा सत्कार झाला. शाळेत नवीन धडा लागला, 'समुद्र: एक गैरसमज'. बगळ्याने तो ऐकला आणि तो दुसऱ्या जंगलात राहायला गेला.

नदी भरून वाहू लागल्यावर एके दिवशी सगुणाबाई पोहत वेशीवर आली. मागे मंजुळा, तिच्यामागे तीन पिल्लं. सगुणाबाईच्या बगलेत बूच मारलेला एक सुका भोपळा होता.

हरिभाऊने वही उघडली. "नाव?"

"आता वळखत न्हाई व्हय? सगुणाबाई."

"सगुणाबाई वैशाखातच परत आल्या. ही बघा नोंद. एकवीसपैकी एकवीस."

"आन् मग मी कोन?"

"ते तुम्ही सांगायचं. पुराव्यासकट."

"ही माझी नातवंडं. ह्यो पुरावा."

"जन्म कुठला?"

"समुद्रावरचा."

हरिभाऊने खेदाने मान हलवली. "नसलेल्या ठिकाणी जन्मलेली पिल्लं आत घेता येत नाहीत. ती जन्मलेलीच नाहीत."

त्यावर धाकटं पिल्लू मोठ्यांदा शिंकलं.

सगुणाबाईने भोपळा पुढे केला. "म्हाराजांची तेवढी भेट ऱ्हाऊन गेली हुती. म्हनून त्यांच्यासाठी वाईच समुद्र आनलाय."

हरिभाऊने बूच काढलं. बोट बुडवून चाटलं. खारट! अगदी खारट. त्याचे कान एकदम ताठ झाले. त्याने भोपळ्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, पिल्लांकडे पाहिलं. मुलांनो, त्या क्षणी त्याला सगळं कळलं होतं. मग त्याने महाराजांच्या गुहेकडे पाहिलं. आतून घोरणं ऐकू येत होतं.

दुपारचे दोन वाजले होते.

"पाचनंतर या," तो म्हणाला आणि वही मिटली.

सगुणाबाईने भोपळ्याला बूच मारलं आणि ती पाण्यात वळली.

"आजी, आता कुठं जायचं?" धाकट्याने विचारलं.

"जो न्हाई म्हंत्यात ना," ती म्हणाली, "त्याच्यात डुंबायला."

तात्पर्य: मुलांनो, दुपारची झोप कधीही मोडू नये. समुद्र चुकला तर तो नव्हताच असं ठरवता येतं, पण झोप चुकली की संध्याकाळचा चहा कडू लागतो.