ओट्याला मागचा दिवा नव्हता

आमच्या गावचे अण्णाजी कडू, वय वर्षे चौसष्ट, यांनी एका बुधवारी नळ आपल्या नावावर करून घेण्याचा निर्णय घेतला. नळ वडिलांच्या नावावर होता. वडील बारा वर्षांपूर्वी वारले होते. पाणी मात्र त्यांच्या नावाने नियमित, म्हणजे एक दिवसाआड, येत होते. पंचायतीचे म्हणणे असे, की अर्जावर मूळ नळधारकाची सही हवी आणि ती त्याने समक्ष येऊन करावी. अशा वेळी माणूस वकिलाकडे जातो.

कारंजा (घाडगे) येथे हायवेला लागून ॲड. रजत चाफले यांचे कार्यालय आहे. ते फक्त वाहन अपघातांचे दावे चालवतात. पण दर बुधवारी ते ‘दैनंदिन कायदेशीर अडचणींवर मोफत सल्ला’ही देतात, आणि मोफत म्हटल्यावर आमच्याकडे कोणी वकिलाचा विषय विचारत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरने फुकट तपासतो म्हटले, तर लोक गुडघे दाखवून येतात.

अण्णाजी आत शिरले तेव्हा किंचित लंगडत होते. वकिलांनी नळाचा कागद बाजूला सरकवला.

“नळाचं होऊन जाईन. पाय काऊन लंगडून राह्यला?”

“काई नाई जी. परवा मोतीशेठच्या ओट्यावरून घसरलो. सकाळीच धुतला होता त्यायनं.”

मोतीशेठ म्हणजे अण्णाजींच्या घरासमोरचे किराणा दुकानदार मोतीलाल. गेली तीस वर्षे अण्णाजी रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसत. एक पेपर दोघांत वाटून वाचत, आणि वाचून झाला की दोघे मिळून सरकारला शिव्या देत. अण्णाजींना सख्खा भाऊ नव्हता. मोतीशेठ असल्यामुळे तो कधी लागलाही नव्हता.

“मंग शेठ काय म्हने?” वकिलांनी विचारले.

“काय म्हननार? धावत आले बिचारे. मले उचललं, हळद-चुना लावला. म्हने, माफ करजा अण्णाजी, मीच पानी टाकलं होतं.”

वकिलांचे डोळे चमकले. “हे आयकलं कोनं?”

“त्यायच्या घरच्या सुमित्राबाईनं.”

“म्हणजे साक्षीदारासमोर कबुली,” वकील म्हणाले आणि त्यांनी छापील अर्ज काढला.

अर्जात पहिलाच रकाना वाहनाचा होता. ओट्याला चाके नव्हती, हे वकिलांनीही मान्य केले. पण ओटा रस्त्यात दीड फूट पुढे आलेला होता, आणि रस्त्यात पुढे येऊन न हलणारी वस्तू म्हणजे थांबलेले वाहन, असा त्यांचा अभ्यास होता. ‘मागचा लाल दिवा नसलेले, भर रस्त्यात उभे केलेले वाहन,’ असे त्यांनी लिहिले. चालकाच्या जागी मोतीशेठचे नाव आले.

“आता नीट आयका,” वकील म्हणाले. “आजपासून कोनी कसंही विचारलं, तरी ‘बरं हाय’ म्हनाचं नाई. बरं हाय म्हटलं की दावा संपला. शेठचा चहा घ्याचा नाई, चहा म्हणजे तडजोड होते. अन् त्या ओट्यावर बसाचं नाई. बसले, तं ओटा सुरक्षित हाय असा अर्थ निघते.”

“मंग मी सांजच्याले बसू कुठं?” अण्णाजींनी काकुळतीने विचारले.

“वा! मनस्ताप,” वकील म्हणाले. “हे बी लिहून घेतो.”

त्याच संध्याकाळी मोतीशेठ बिस्किटाचा पुडा आणि चार संत्री घेऊन भेटायला आले. “कसं हाय अण्णाजी? बरं हाय ना?”

अण्णाजींच्या ओठांवर ‘बरं’ आलेच होते. त्यांनी ते गिळले. “माझ्या प्रकृतीबाबत आपण माझ्या वकिलांशी पत्रव्यवहार करावा,” ते म्हणाले. तीस वर्षांत ते शेठशी पहिल्यांदाच पुस्तकी मराठीत बोलले, आणि शेठना तेच जास्त लागले. संत्री ठेवून ते निघून गेले.

“पाय तं कवाचाच बरा झाला तुमचा,” मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या. “सकाळी बकरीमांगं पळून राह्यले होते.”

“आतून दुखते,” अण्णाजी म्हणाले. ते खोटे नव्हते.

पुढच्या बुधवारी घाबरलेले मोतीशेठही कारंज्याला गेले. फुकट सल्ला तिथेच मिळत होता. पण एकच वकील दोन्ही बाजूंनी उभा राहू शकत नाही, आणि ॲड. चाफले नियमाचे पक्के. त्यामुळे कार्यालयाच्या मधोमध पडदा लावण्यात आला. पडद्यापलीकडे त्यांच्या पत्नी ॲड. मेघा चाफले बसत. नवरा-बायको एकमेकांचे काहीही ऐकत नसत. लग्नाला अकरा वर्षे झालेली असल्याने त्यांना ते जड गेले नाही.

“माफी काऊन मांगतली?” मेघा वकील कडाडल्या. “अन् उचललं काऊन? उचललं म्हणजे जबाबदारी घेतली.”

“मॅडम, मानूस पडला होता...”

“पडू द्याचा! थांबलेल्या वाहनावर तो चढला कसा, हे इचारा. तिकीट होतं काय त्याच्यापाशी?”

हा मुद्दा शेठना सुचला नव्हता. दोन दिवसांत ओट्यावर पाटी लागली: ‘येथे बसणारा, घसरणारा व उठून जाणारा स्वतःच्या जबाबदारीवर तसे करील.’

गावाने पाटी वाचली आणि गावाला जाग आली. आपण इतकी वर्षे किती बेसावध जगत होतो, हे एकेकाच्या लक्षात येऊ लागले. संक्रांतीला बायका तिळगूळ देताना ‘गोड बोला, दाताचं तुमचं तुमी पाहा’ म्हणू लागल्या. लग्नपत्रिकेत ‘आहेर आणू नये’ याच्या खाली ‘पंगतीत ठसका लागल्यास यजमान जबाबदार नाहीत’ अशी ओळ आली. कोणाच्या पायावर पाय पडला, तर पाय देणारा आणि पाय असणारा, दोघेही न बोलता वेगवेगळ्या दिशांनी कारंज्याला जात. ‘काय म्हनता?’ असे विचारले, की ‘प्रकरण न्यायप्रविष्ट हाय’ असे उत्तर येई. गावात भांडण असे एकही उरले नाही. बोलणेच उरले नव्हते.

अण्णाजींना लंगडण्याचा सहावा महिना लागला होता. कोणता पाय, हे ते विसरू लागले. मग मनकर्णाबाईंनी त्यांच्या उजव्या अंगठ्याला काळा दोरा बांधून दिला. संध्याकाळी ते आपल्या उंबरठ्यावर बसत, समोर शेठ ओट्यावर बसत. दोघांच्या हातात आता स्वतंत्र, अख्खा पेपर होता, आणि तो वाचून झाल्यावर सरकारला शिव्या कोणासोबत द्यायच्या, हे दोघांनाही कळत नव्हते. अण्णाजींना याचे फार वाईट वाटे. पण पडद्याअलीकडून ‘तारीख लागेपर्यंत धीर धरा’ असा निरोप होता.

एका बाजाराच्या दिवशी शेठ पाटी पुसायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट रस्त्यावर आडवे झाले. सुमित्राबाई आष्टीला लेकीकडे गेलेल्या. बघता बघता वीस-बावीस माणसे जमली. सगळी कायदा जाणणारी होती, त्यामुळे ती ठरावीक अंतरावर थांबली.

“हात नोका लावू. जो उचलन, त्याच्या नावावर येईन,” लहानू टेलर म्हणाला.

“अरेरे बी नोका म्हनू,” दुसऱ्याने बजावले. “कबुली होते.”

शेठ पाणी मागत होते. लोकांनी मोबाईल काढले, कारण पुरावा असावा.

अण्णाजी बाजारातून भाजीची पिशवी घेऊन येत होते. त्यांनी गर्दी पाहिली, गर्दीच्या पायांमधून शेठचे धोतर पाहिले, आणि पिशवी टाकून ते धावले. दोन्ही पायांनी, दोऱ्यासकट. त्यांनी शेठचे डोके मांडीवर घेतले.

“अण्णाजी,” शेठ कण्हत म्हणाले, “तुमी पळत आले! केस गेली ना तुमची.”

“जाऊ द्या शेठ. लय लागलं काय?”

“बरं हाय,” शेठ म्हणाले. कंबरेतून कळ येत होती तरी ते हसले, आणि अण्णाजी सगळ्या गावादेखत रडले.

शेठची कंबर दीड महिन्यात सुधारली. दावा पडद्याच्या दोन्ही बाजूंनी मागे घेण्यात आला. ओट्यावर पुन्हा दोन माणसे आणि एक पेपर दिसू लागला.

त्या दिवसाचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. ‘माणुसकी अजून जिवंत आहे’ असे लिहून, जोडलेल्या हातांचे चित्र टाकून, तुम्ही तो चार ग्रुपवर पाठवला. डोळेही पुसले. खूप छान वाटले असेल. मूळ व्हिडिओ नऊ मिनिटांचा आहे. त्यातली पहिली आठ मिनिटे शेठ एकटे पडलेले दिसतात आणि पाणी मागताना ऐकू येतात. तुमच्यापर्यंत तो अख्खा आला होता. फार लांब होता, म्हणून पहिली आठ मिनिटे तुम्हीच कापलीत.