उशी धरा!

"उशी धरा!" विनोद सांगायच्या आधी बापू हे ओरडणारच. एकदा लग्नाच्या पंगतीत ओरडले म्हणे, आणि अख्खं वऱ्हाड उशा कुठं म्हणून बघत बसलं.

ही सवय माझ्यामुळं लागली. मी विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात नर्स. कडेगावचे बापू गावच्या कुणाला तरी भेटायला आले आणि चुकून भलत्याच खाटेशी बसले. त्या पेशंटच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं. बापूंनी असं काही सांगितलं की तो हसता हसता कळवळला. मी धावले. "अहो, टाके आहेत! हसताना-खोकताना पोटावर उशी दाबून धरायची असते!"

"आसं व्हय?" म्हणाले. पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर.

"आता कुणाला भेटायचंय?"

"कुणाला बी. उशी धरा रं!"

यांना हाकलावं की चहा पाजावा, मला कधी कळलंच नाही. वॉर्डात दंगा व्हायचा खरा, पण खोकायला घाबरणारे पेशंट हसता हसता खोकायचे, कफ सुटायचा. डॉक्टरही काणाडोळा करायचे. स्वतः बापू मात्र मख्ख. विचारलं तर, "आमी सांगणार. हसायचं काम तुमचं."

मागच्या महिन्यात बापूच पेशंट होऊन आले. पोटाचंच ऑपरेशन. मुलगा फौजेत, सुट्टी मिळेना. भेटायला दुसरं कुणी नाही. भिंतीकडं तोंड करून पडलेले, खोकेनात. डॉक्टर म्हणाले, "कफ साठतोय. खोकले नाहीत तर न्यूमोनिया होईल. काहीतरी करा, सिस्टर."

काहीतरी म्हणजे काय, डोंबल? शेवटी त्यांचाच विनोद सांगायला बसले.

"बापू, उशी धरा. एक जावई सासुरवाडीला येतो. सासरा म्हणतो, बोकड कापू. मग तो जावयाला खुंट्याला बांधतो..."

"बोकडाला!"

"हां, बोकडाला. आणि गादीवर बसवून चहा... नाही, थांबा. कापायचं कुणाला होतं?"

बापूंनी उशी गच्च धरली. हसले, खोकले, पुन्हा हसले. कफ सुटला. डोळ्यांतून मात्र धार लागलेली. टाके तुटले की काय म्हणून मी घाबरले.

"न्हाई गं पोरी. आमची ही आशीच नासवायची. शेवट कवाच जमला न्हाई तिला. ती गेली, तवापासनं मला कुणी इनोद सांगितलाच न्हाई बघ."

मी त्यांची उशी सारखी केली.

"सांग की," बापू म्हणाले, "मग कापलं कुणाला?"