ऐरावत छाप सहा खुर्च्या

महाळुंगे पडवळच्या सोपानरावांच्या घरी सहा नव्या खुर्च्या आल्या आणि त्याच दिवशी घरातल्या माणसांना खुर्चीवर बसायची बंदी झाली.

"मग आणल्यास कशाला रं?" त्यांच्या आईनं, साळुबाईनं विचारलं. म्हातारीची पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे बोलायला लागलेले, आणि समोर लालभडक खुर्च्यांची ही अशी रांग.

"पावण्यांसाठी! रविवारी अक्षदाला बघायला डिंगोऱ्याचं पावणं येणार हायेत. तवर कुणी नुसतं टेकायचं सुदिक नाय. स्टिकरला हात लावायचा नाय. सांगून ठेवतो."

सोपानरावांचंही काही चुकत नव्हतं हो. मागच्या खेपेला आलेले पाहुणे सतरंजीवर बसले, दोन-दोन बशा पोहे खाल्ले, आणि वेशीपाशी जाऊन म्हणाले, "घरात बसायला धड खुर्ची नाय, हे लग्न काय लावून देणार!" ते बोलणं चहाच्या टपरीवर तीन दिवस चघळलं गेलं. लेक अक्षदा बी.ए. झालेली, नाकीडोळी नीटस, कामाला चटपटीत. अशा पोरीचं स्थळ खुर्चीपायी हुकावं? सोपानरावांच्या हे फार जिव्हारी लागलं. ते तडक मंचरला लालचंदशेटच्या दुकानात गेले.

लालचंदशेटचे पणजोबा कधीकाळी राजस्थानातून आले. शेट मात्र अस्सल मंचरचे. भांडी आणि फर्निचर हा धंदा, आणि लग्नं जुळवणं हा छंद. लग्न जुळलं की भांडी आपल्याच दुकानातून जातात, त्यामुळे छंद धंद्याला धरूनच होता. डिंगोऱ्याचं स्थळही त्यांनीच आणलेलं. शेटनी सोपानरावांना ऐरावत कंपनीची खुर्ची दाखवली. टीव्हीवरच्या जाहिरातीत हत्ती जिच्यावर पाय देऊन उभा राहतो, तीच. सोपानराव तिच्यावर तासभर बसले, दोन कप चहा प्याले, किंमत ऐकली आणि "घरी इचारून येतो" म्हणून उठले.

एसटी स्टँडच्या बाहेर एक टेम्पो उभा होता. वर भोंगा ओरडत होता, "कंपनीचा माल, थेट कंपनीतून!" तीच खुर्ची, तोच लाल रंग, पाठीवर तोच हत्ती, आणि किंमत निम्मी. सोपानरावांनी बारकाईनं पाहिलं. उलट या खुर्चीवरचा हत्ती थोडा मोठाच होता. त्यांनी सहा खुर्च्या घेतल्या आणि शेटच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून मागच्या आळीनं घर गाठलं.

पुढचे आठ दिवस खुर्च्या अंगणात मांडून ठेवल्या होत्या. कशाला, तर रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. एप्रिलचं ऊन असं की कुत्रंसुद्धा अंगणात थांबत नव्हतं. खुर्च्या मात्र दिवसभर तापत होत्या, आणि त्यांच्यावर कुणीही, एकदासुद्धा, बसून पाहिलं नव्हतं. नवी वस्तू पाहुण्यांनीच पहिल्यांदा वापरायची, हा आपल्याकडचा रिवाज. त्याला सोपानराव तरी काय करणार?

रविवारी सकाळी दहाला जीप आली. मुलाचे वडील कुशाबा, मुलाचे मामा गेणभाऊ, मुलगा सुदर्शन आणि मध्यस्थ म्हणून लालचंदशेट. कुशाबा काटकुळे. गेणभाऊंचं वजन मात्र मामाच्या मानाला साजेसं, बहुधा थोडं जास्तच. ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या होत्या. शेटनी त्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सोपानराव, या कुठनं घेतल्या?"

"त्या... एका पावण्यानं दिल्या."

"असं का," शेट म्हणाले, आणि पुढे काहीच बोलले नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तरी सोपानरावांना हलकं वाटलं असतं.

मुलगा उंच, सावळा, तोंडावरून भला दिसत होता. तो आत आला, खुर्च्यांकडे पाहिलं, पाठीवरच्या हत्तीकडे पाहिलं, आणि गपचूप जाऊन खांबाला टेकून उभा राहिला.

"बसा की पावणं," सोपानराव म्हणाले.

"नको. जीपमधी बसूनच आलोय."

"अवं, थोडं तरी टेका."

"नाय, उभाच बरा हाय."

दारात उभ्या असलेल्या साळुबाईला भरून आलं. "बघा, मोठ्यांपुढं बसत नाय. लई वळण हाय पोराला."

कुशाबांची छाती फुगली. "वळण म्हंजे काय! चाकणला प्लास्टिकच्या कंपनीत हाय. क्वालिटीला! ह्यानं पास केल्याबिगर माल गेटाबाहेर जात नाय."

सुदर्शननं मान खाली घातली. तोही विनयच आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

पोहे आले. गेणभाऊ खुर्चीवर बसले, बशी हातात घेतली, लिंबू पिळलं, आणि मागचे दोन पाय आपापल्या दिशेनं निघाले. घाई नाही, गडबड नाही. गेणभाऊ सावकाश खाली खाली गेले आणि फरशीवर पोचले तेव्हा हातातली बशी तशीच सरळ होती. एक शेंगदाणा सांडला नाही. पण चेहरा असा झाला होता की हसायची कुणाची छाती झाली नाही.

"फरशी!" सोपानराव ओरडले. "फरशी लई गुळगुळीत हाय ओ! अक्षदा रोज पुसती ना!"

इथेही त्यांनी पोरीची तारीफ साधून घेतली, हे मान्य करायला हवं.

"मामा, खाली सतरंजीवर बसा की," सुदर्शन कसनुसा होऊन म्हणाला.

"मी? खाली?" गेणभाऊ गरजले. "मुलाचा मामा हाय मी! सतरंजीवर बसायला आलोय व्हय?"

"नाय नाय, तसं कसं!" म्हणत सोपानरावांनी दोन खुर्च्या एकात एक घातल्या. जड माणसासाठी सगळीकडे चालतो तोच उपाय. गेणभाऊ त्या जोडखुर्चीवर बसले खरे, पण निम्मंच अंग टाकून. उरलेलं निम्मं त्यांनी खिडकीच्या गजाला धरून वरच तोलून ठेवलं. त्याच अवस्थेत त्यांनी पोहे संपवले.

इतक्यात लालचंदशेटच्या खुर्चीनं "कट्" असा आवाज केला. बसायच्या जागी मधोमध चीर गेली होती. बसून राहिलं की चीर उघडी राहायची. उठायला गेलं की मिटायची, आणि मिटताना शेटना जिथे धरायची ती जागा इथे लिहिण्यासारखी नाही. शेटनी एकदा उठून पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा बसले.

"शेट, बरं हाय ना?" कुशाबांनी विचारलं.

"फार छान स्थळ आहे," शेट दात आवळून म्हणाले. "लवकर उरका."

अक्षदा चहा घेऊन बाहेर आली आणि समोरच्या पाटावर बसली. ओसरीचं काहीतरी बिनसलंय हे तिला एका नजरेत कळलं. मामा खिडकीला लोंबकळलेले, शेट घामाघूम, वडील फरशी कशी गुळगुळीत आहे ते पायानं घासून दाखवतायत, आणि मुलगा डोळे फाडून सगळ्यांच्या खुर्च्यांच्या पायांकडे बघतोय. तिच्याकडे बघायला आलेला माणूस तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

"नाव काय पोरी?" गेणभाऊंनी गज न सोडता सुरुवात केली. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "अवं आजी, तुमी कशाला उभ्या? आमच्या पोराची खुर्ची रिकामीच हाय की!"

ती सहावी खुर्ची ओसरीच्या अगदी कडेला होती. खाली तीन दगडी पायऱ्या. साळुबाईनं लेकाकडे पाहिलं. "सोपाना, बसू का रं?"

पाहुण्यांसमोर आईला नाही कसं म्हणणार? "बस की आये, तुझीच खुर्ची हाय," सोपानराव म्हणाले. आठ दिवस जिच्याकडे नुसतं बघत राहिली, त्या खुर्चीकडे म्हातारी गुडघे विसरून लगालगा निघाली. वळली, पदर सावरला, आणि पाठीमागे हात करून खाली बसणार, एवढ्यात सुदर्शन ओरडला, "आजी, बसू नका!"

त्यानं एका ढांगेत ओसरी ओलांडली, एका हातानं म्हातारीला कवेत धरलं आणि दुसऱ्या हातानं खुर्ची बाजूला ढकलली. खुर्ची पायऱ्यांवरून गडगडत अंगणात गेली आणि तिचे तीन तुकडे झाले. कुणी बसलेलंसुद्धा नव्हतं!

   आई त्या पायऱ्यांवर आपटली असती तर, हे सोपानरावांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"तुला काय म्हाईत रं, ती मोडणार ते?" गेणभाऊंनी विचारलं.

सुदर्शननं वडिलांकडे पाहिलं. कुशाबा डोळ्यांनी नको नको म्हणत होते.

"आमच्या चाकणच्या शेडातल्याच हायेत," तो म्हणाला. "ऐरावतवाल्यांशी काय संबंध नाय. नकली माल हाय. हत्तीचं स्टिकर मीच लावतो."

"आधी मला सोडवा!" लालचंदशेट कळवळून ओरडले. सुदर्शन धावला. "शेट, उजव्या अंगावर या. आता चीर दाबून धरतो, तिरकं उठा." शेट सुटले. अशा सुटका त्यानं शेडात बऱ्याच केल्या असणार, हात सराईत होता. शेटनी मागची बाजू चोळत सोपानरावांकडे पाहिलं. "पाहुण्यानं दिल्या, नाही का?"

"चुकलो शेट," सोपानराव म्हणाले. "लई चुकलो. हत्ती बघून भुललो."

आता बसायचं कुठे, हा प्रश्न उरला नाही. गेणभाऊ कुणी न सांगता सतरंजीवर जाऊन बसले. कुशाबा बसले, शेट कुशीवर कलंडले. अक्षदा पाटावरून उठली आणि तो सुदर्शनपुढे सरकवला.

"बसा. सागाचा हाय."

तो बसला. तिनं पदर खोचला. "नाव काय?"

"सुदर्शन."

"काम काय करता? खरं सांगा."

"स्टिकर लावतो."

"आन क्वालिटी?"

"तिथं क्वालिटी नाय ना," तो म्हणाला. "भंगारातलं प्लास्टिक आन खडूची भुकटी. वरनं रंग. सावलीत म्हैना दोन म्हैने तगती. पण उन्हात ठेवली का..." सगळ्यांनी एकदम सोपानरावांकडे पाहिलं. सोपानराव अंगणाकडे पाहू लागले.

"मामा पडले तवा का नाय बोललात?"

"वडलांनी क्वालिटी म्हणून सांगितलं व्हतं. तोंड उघडलं असतं तर त्यांची लाज गेली असती."

"रोज किती लावता स्टिकर?"

"चारशे."

"म्हंजे रोज चारशे खुर्च्या," अक्षदाचा आवाज चढला. "मला लई राग आलाय, सांगून ठेवते. माझी आजी तुमच्या डोळ्यांसमोर व्हती म्हणून वाचली. ज्या तुमाला दिसत नाय त्यांनी काय करायचं?"

सुदर्शननं अंगणातल्या तुकड्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "रातच्याला झोपताना मलाबी तेच वाटतं. उद्यापास्नं जात नाय. मिळंल ते दुसरं काम करीन."

"अरं बाबा!" कुशाबा कळवळले. "नोकरी सोडलीस तर तुला पोरगी कोण देईल?"

 साळुबाई आत गेली, गूळ-शेंगदाण्याचा लाडू घेऊन आली, सुदर्शनच्या हातावर ठेवला आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला. "हात लई घट हाय तुझा," एवढंच म्हणाली.

निघायची वेळ झाली. जीपपाशी कुशाबा घुटमळले. येताना फुगलेली छाती आता कुठे दिसत नव्हती. त्यांनी हात जोडले. "मग सोपानराव, आमी काय समजायचं?"

मुलीचा बाप म्हणून सोपानरावांनी आजवर पाच ठिकाणच्या पाहुण्यांपुढे याच जागी, असेच हात जोडले होते, हाच प्रश्न विचारला होता, आणि पाचही वेळा त्यांना एकच उत्तर मिळालं होतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला. टोपी सारखी केली.

"कळवतो," ते म्हणाले. "घरात इचार करून कळवतो."

जीप निघाली. वळणापर्यंत सुदर्शननं दोनदा मागे वळून पाहिलं. सोपानराव आले ते थेट लेकीपुढे उभे राहिले. "पोरगं वाईट नाय गं. तुला काय वाटतं?"

"मलाबी बरं वाटलं," अक्षदा पाट उचलत म्हणाली. "पण आण्णा, लगेच कळवू नका. आधी काम सोडतोय का ते बघू."

"आन सोडलं तर? लगेच कळवू?"

"तरी आठ दिस जाऊ द्या," ती म्हणाली. "बसू द्या की वाट बघत. आमी नाय का बसत?"